एक चमचा, दोन वेळा

हर्णैच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
बर्फाच्या कारखान्याला लागून माझं दुकान.
पुढे बाम, ओआरएस, पोरांचे डायपर.
मागच्या कपाटात, कुलपाच्या आत, ते.
तपकिरी बाटली. शंभर मिली. झाकणाला सील.

लिलाव आटोपला की रोहिदास यायचा,
मनगटापर्यंत खवले चिकटलेले,
आणि मागायच्या आधी खोकायचा.
तेवढा शिष्टाचार पाळायचा तो.
दोनदा, कोरडं, वर्गात हजेरी दिल्यासारखं.
मग म्हणायचा, "ताई, तोच."
ते औषध. पण तो "तोच" म्हणायचा,
सोबतीच्या खलाशाला हाक मारावी तसं.

चिठ्ठी असायची. झेरॉक्स, कधी झेरॉक्सची झेरॉक्स,
सही इतकी पुसट
की डॉक्टरच आजारी वाटावेत.
मी रजिस्टरात लिहायचे नाव, वय, तारीख,
आणि बाटलीवर निळ्या पेनाने, वळणदार:
एक चमचा, दोन वेळा.
वरून सेलोटेप, ओल्या हातांनी शाई पुसू नये म्हणून.
चमचा.
बोटीवर चमचा कुठे असतो?

सासरे म्हणत, आपण नाही दिलं तर दापोलीहून आणतील.
खरंच होतं ते.
आणि दुकानाचा हप्ता सात तारखेला जायचा, हेही.

एकदा विचारलं, कशाला रे घेतोस?
काचेवर बोटाने रेघ ओढत म्हणाला,
"जाला खेचून खेचून खांदे जलतान.
ह्यो घेतला का खांदे दुसऱ्याचे व्हतान."
मी हसले.
हे इथे लिहिते, कारण रजिस्टरात
त्याला रकाना नाही.

जूनमध्ये बंदी लागली, बोटी वाळूवर चढल्या.
खेचायला जाळं नव्हतं, जळायला खांदे नव्हते,
तरी तो आला.
एक दिवसाआड, मग रोज,
मग सकाळी शटर अर्धं वर असतानाच
खालून त्याची पावलं दिसायची.
त्या दोन महिन्यांत केव्हातरी
त्याने खोकणं सोडून दिलं.
मी मात्र लिहीत राहिले. एक चमचा.

नारळ वाहिला, बोटी गेल्या.
आठवड्याभराने हिरकण पावसे दुकानात आली,
टोपलीवरचं फडकं बाजूला सारलं
आणि कोलंबीखालून बाटली काढली.
"तुजा अक्षर हाय ना ह्या?"
शेवाळाने लेबल हिरवं झालेलं,
कंपनीचं नाव गेलेलं, किंमत गेलेली,
सेलोटेपखाली निळं, वळणदार,
वाचता येईल असं.
"जाल्यात आली. एकली न्हाय, पन्नासेक व्हत्या.
सगल्यांव तुजा अक्षर न्हाय," ती म्हणाली,
"पन तुजा पन हाय."
मग दाढदुखीची एक गोळी घेतली,
सुटे पैसे मोजून दिले, आणि गेली.
बाटली काउंटरवरच राहिली.
आतलं पाणी मी बेसिनमध्ये ओतलं.
नळ बराच वेळ चालू ठेवला.

त्या दिवसापासून कपाट रिकामं.
सासरे आठ दिवस बोलले नाहीत.
दापोलीची एसटी मात्र वेळेवर सुटत होती.

गणपती गेल्यावर, पहाटे, सुवर्णदुर्गाच्या पलीकडे,
रोहिदासचा उभ्या उभ्या डोळा लागला
आणि हात विंचच्या दोरात गेला.
उजव्या हाताची दोन बोटं.
नाखवा म्हणाला, पोरगं ओरडलंसुद्धा नाही,
बघत राहिलं,
दुसऱ्याचा हात असल्यासारखं.

महिन्याने तो दुकानात आला.
या वेळी चिठ्ठी खरी होती.
खरा शिक्का, खरी सही, सरकारी हॉस्पिटलची,
दुखण्यावरची खरी गोळी,
आणि दुखणंही खरं.
मी चिठ्ठी उजेडात धरली. उलटी केली.
पुन्हा वाचली. हॉस्पिटलला फोन लावला.
तो काउंटरपलीकडे उभा,
पट्टीतला हात छातीशी धरून.
रिंग वाजत राहिली.
माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे,
त्याने मान खाली घातली
आणि दोनदा खोकला.